कावळ्यासमोर मी काय बोललो

आजारातून उठलेल्या माणसाने लिहिलेलं वाचताना वाचक एक गोष्ट गृहीत धरतो, की लिहिणारा त्या वेळी तिथे होता. मी नव्हतो. शरीर होतं, ते पलंगावर होतं आणि त्याला सलाइन लावलेलं होतं. पण त्या दहा-अकरा आठवड्यांतलं माझ्याकडे जवळजवळ काही नाही. पुढे जे येणार आहे ते माझी बायको मेधा, मुलगी केतकी आणि कराडला असणारा धाकटा भाऊ सुधीर यांनी सांगितलेलं आहे. तिघंही सज्जन आहेत आणि तिघंही माझ्याशी सलग तीन आठवडे खोटं बोललेली आहेत. वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

लिहायला डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या घरच्यांना उपयोग होईल म्हणाल्या. उपयोगाचा भाग लहान आहे. घरातल्या माणसाचा एका बाजूचा हात आणि त्याच बाजूचा चेहरा दिवसातून पुन्हा पुन्हा क्षणभर आखडायला लागला आणि तो विसरायला लागला, तर कारणं शोधत बसू नका, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. आमच्याकडे कारणं शोधणारी माणसं फार हुशार होती. त्यात पाच आठवडे गेले.

दरारा

आई जानेवारीत गेली. हे वाक्य मी आता न अडखळता लिहू शकतो. त्यासाठी सराव करावा लागला.

मी कराडला गेलो, अग्नी दिला, तेराव्यापर्यंत थांबलो, चंदीगडला परत आलो आणि कामावर रुजू झालो. असं सांगतात. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी उपसंचालक आहे. परत आल्यावर आठवडाभरात माझ्या उजव्या हाताला झटके यायला लागले. दीड-दोन सेकंद हात आखडायचा, तोंड उजवीकडे ओढलं जायचं, हातातली फाइल उडून समोरच्याच्या पायाशी पडायची. मग मी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढची फाइल ओढायचो.

आमच्या खात्यात फाइल फेकण्याचा मान फार वरच्या पायरीपासून सुरू होतो. मी त्याच्या बराच खाली आहे. त्यामुळे कार्यालयाने असा अर्थ काढला, की साहेबांना वरून काहीतरी बळ मिळालेलं दिसतंय. माझे सेक्शन ऑफिसर शर्माजी नंतर केतकीला म्हणाले, "साहब का बड़ा रुतबा बन गया था, बेटा." दोन वर्षं अडकलेली प्रकरणं त्या महिन्यात निघाली. माझ्या नोकरीतला सर्वांत कार्यक्षम काळ हा असा मेंदू सुजलेला असतानाचा आहे.

घरी वेगळं कारण होतं. मेधाला वाटलं, आईचं दुःख अंगावर निघतंय. सुधीरला फोनवर वाटलं, दादा रडला नाही म्हणून असं होतंय. विसरण्याचंही तेच. दुःखात माणूस विसरतो.

फेब्रुवारीत एकदा मी कार्यालयातून निघून दुसऱ्याच सेक्टरमधल्या घरात गेलो. इथली सरकारी घरं एका साच्यातली असतात, तीच जाळी, तोच व्हरांडा, दाराशी तोच कडीपत्ता नाहीतर तुळस. रस्ता चुकण्याला या शहरात कुणी आजार म्हणत नाही. मी आत जाऊन सोफ्यावर बसलो आणि बूट काढले. घरातल्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग बिस्किटं ठेवली, आणि हे सगळं झाल्यावर अदबीने विचारलं, "भाई साहब, किसके घर आए हो?"

मी म्हणालो, "अपने."

त्यांनी माझ्या फोनवरून मेधाला बोलावून घेतलं. मेधाने माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, कोई ना जी, घर तो घर होता है. घरी येईपर्यंत त्याची गंमत झाली होती. संध्याकाळी केतकीने ती मैत्रिणींना सांगितली.

जबलपूर

निदानाचा दिवस मेधाच्या शब्दांत मला पाठ आहे, कारण तो मी तिला अनेकदा सांगायला लावला.

मोठ्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी. बाकावर हरियाणापासून हिमाचलपर्यंतची माणसं. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला नाव विचारलं, ते मी बरोबर सांगितलं. वर्ष एकाने चुकलं. मग त्यांनी विचारलं, हे कुठलं शहर.

"जबलपुर," मी म्हणालो.

मेधा हसली. तिने डॉक्टरांना समजावून सांगितलं, की आमच्यात हे चालतंच. बदलीची नोकरी. गुवाहाटीहून जबलपूरला आलो तेव्हा सहा महिने सगळे घराला गुवाहाटी म्हणत होतो, जबलपूरहून इथे आल्यावर केतकीने शाळेच्या फॉर्मवर जबलपूरचा पत्ता लिहिला होता. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांमध्ये, रेल्वेवाले असोत की हवाईदलवाले, मागचं गाव तोंडात राहतंच.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "चंडीगढ़ में कितने टाइम से हो आप?"

"चार साल," मेधा म्हणाली, आणि म्हणता म्हणता गप्प झाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात माझा हात आखडला, तोंड ओढलं गेलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या दहा मिनिटांत तो तीनदा आखडला. त्याच दुपारी मला दाखल करून घेतलं.

त्या बाकावर बसलेल्या मेधाचा मी पुष्कळदा विचार करतो. आठवणीतून करता येत नाही, म्हणून कल्पनेतून करतो. वीस वर्षं तिने एक विनोद सांभाळला, चार गावांतून नेला, आणि त्याच्या मागे एवढं मोठं काही उभं राहिलं तरी तिला दिसलं नाही. ती स्वतःला दोष देते. मी म्हणतो देऊ नकोस. दोघांचंही म्हणणं कामाचं नाही.

फट

आजाराचं नाव लांब आहे. ते इथे देत नाही, नावाने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण डॉक्टरांनी नंतर केसपेपरच्या मागे पेन्सिलीने काढून दाखवलं ते सांगतो.

मी चारचौघांइतकं वाचलेला माणूस आहे आणि मेंदू म्हणजे तारांचं जाळं अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी दोन फांद्या काढल्या आणि त्यांची टोकं जुळवलीच नाहीत.

"जुड़े हुए नहीं हैं जी," त्या म्हणाल्या. "बीच में गैप है."

एक पेशी त्या फटीत एक रसायन सोडते. पलीकडची पेशी ते झेलते. झेललं तर निरोप पोचला, नाहीतर नाही. बस, एवढंच. आपली आई, आपलं गाव, आपल्या बायकोचा चेहरा, सगळं या फटी ओलांडून येतं-जातं. दोन्ही काठांना धरून ठेवणारं आणि बोलणं बेतात ठेवणारं एक प्रथिन तिथे असतं. माझ्या अंगातल्या पहारेकऱ्यांनी ते शत्रूचं समजून पकडायला सुरुवात केली. काठ सुटले. काही पेशी एकदम ओरडायला लागल्या, तो हाताचा झटका. आणि जिथे नवी आठवण लिहिली जाते तिथे कुणी कुणाचं ऐकेनासं झालं.

चित्र सुबक होतं. मला त्याची भीती वाटली आणि अजून वाटते. माणूस एकसंध असतो असं मी मानत होतो. आत एकमेकांना न शिकणारी, म्हणजे न शिवणारी टोकं आहेत, आणि सगळा भरवसा मधल्या थेंबावर आहे. (वरचा 'शिकणारी' मी मुद्दाम खोडलेला नाही. अजून असे शब्द निसटतात. बरा झालो म्हणजे किती, हे कळावं.)

सहा सकाळी

वॉर्डातला दिवस पहाटे पाचला थर्मामीटरने सुरू होतो. नऊला राउंड. पुढे मोठे डॉक्टर, मागे मध्यम, त्यामागे शिकाऊ, शेवटी वह्या घेतलेल्या नर्सेस. मेधा सांगते, मी पहिल्या दिवशी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, फाइल तयार आहे सर.

रोज राउंडच्या आधी मी एकच विचारायचो. आईचा फोन आला का?

पहिल्या दिवशी मेधाने खरं सांगितलं. आई गेल्या, जानेवारीत. तुम्हीच अग्नी दिलात. मी रडलो. ती सांगते, तसं रडताना तिने मला लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. सुधीरचं म्हणणं, दादा रडला नाही, ते त्या दिवशी निकालात निघालं. दुपारी मी झोपलो. दुसऱ्या सकाळी विचारलं, आईचा फोन आला का?

असं सहा दिवस.

शेजारच्या पलंगावर एक म्हातारे सरदारजी होते, जवळच्या खरड गावाहून आलेले. त्यांची बायको बोलायला कमी होती. ती घरून आलेला परोठा मेधापुढे सरकवायची आणि मेधा खाईपर्यंत बघत राहायची. त्या काळातली दया म्हणून जे काही मेधाला आठवतं ते हे. सातव्या सकाळी मी तोंड उघडायच्या आत तिने मेधाचा हात धरला.

"बेटी, रोज़-रोज़ क्यों मारती है इसकी माँ को?"

त्या दिवशी मेधा म्हणाली, आई झोपल्यात, संध्याकाळी करतील. मी बरं म्हणालो आणि चहा प्यायलो.

मग सगळे कामाला लागले. सुधीर फोनवर सांगायचा, आई देवळात गेलीय. केतकी मराठी समजते, उत्तर हिंदीत देते, ती मान खाली घालून म्हणायची, "दादी का नेटवर्क नहीं आ रहा, बाबा." मी आरशात पाहून विचारलं, केस एवढे बारीक का, मिशी एवढी खुरटी का. तर मेधाने सांगितलं, तपासणीच्या तारा लावायला काढले. तारांसाठी मिशी कशाला काढतील, हा प्रश्न मला पडला नाही. ज्याने सरकारी नोकरीत आयुष्य काढलंय त्याला कारणाचं कारण विचारायची सवय राहत नाही.

याच दिवसांत आमच्या संचालकांनी भेट दिली. सोबत फुलांचा गुच्छ, सेक्शन ऑफिसर आणि फोटो काढायला एक कर्मचारी. फोटो कार्यालयाच्या पत्रिकेत आला. त्यात मी गुच्छ धरून हसतोय. माझी आई जिवंत आहे असं वाटणाऱ्या माणसाचा माझ्याकडे असलेला हा शेवटचा फोटो.

फोन

औषधांनी काम केलं. झटके थांबले. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने चेहरा फुगला, साखर वाढली, पण सकाळची गोष्ट दुपारी लक्षात राहायला लागली. एप्रिलमध्ये घरी आलो. सांगायचं कुणी, यावर तिघांचं चाललं होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत होता.

केतकीने मला तिच्या फोनवर आमच्या जुन्या कुत्र्याचे फोटो दाखवले. ती पाणी आणायला गेली आणि मी अंगठ्याने पुढे सरकवत राहिलो. कृष्णेचा घाट आला. ओल्या धोतरात, मुंडन केलेला, मिशी काढलेला एक माणूस पायऱ्यांवर उभा होता. आधी वाटलं सुधीर. मग शेजारी सुधीर दिसला.

हे मात्र मला स्वतःला आठवतं. माझ्या आईच्या मरणाची माझी आठवण म्हणजे मुलीच्या फोनवरचा एक फोटो, फोनच्या काचेला गेलेला तडा आणि स्वयंपाकघरातून येणारा पाणी भरल्याचा आवाज.

मेधाने एक वही आणली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात आधीच लिहून ठेवलेलं होतं: आई गेल्या. ती म्हणाली, खाली तुमच्या हाताने लिहा. मी लिहिलं: आई गेली. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी मी ते पान उघडलं. आत काही हललं नाही. सहा वेळा सगळं रडून झालेलं होतं, आणि त्या रडण्यावर माझा हक्क राहिला नव्हता.

घाट

जूनमध्ये फोनवर बोलताना सुधीरने सहज दहाव्याचा विषय काढला.

पिंड ठेवला, कावळा शिवेना. तास गेला. मग जे होतं ते झालं, एकेक जण पुढे होऊन आईला शब्द द्यायला लागला. घर विकणार नाही, सुधीरने सांगितलं. देव्हारा बंद पडू देणार नाही, आत्याने सांगितलं. मावसभावाने दारू सोडतो म्हणून सांगितलं. कावळ्याने तिकडे बघितलंही नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

"मग तू पुढे झालास, दादा. वाकलास. ओठ हलले तुझे. आणि तू मागे व्हायच्या आत आला की."

"काय म्हणालो मी?"

"तुला आठवत नाही होय? मी विचारलं होतं. आमचं आमचं आहे म्हणालास."

मी कावळ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. एका तासानंतर कुठल्याही कावळ्याला भूक लागेल. पण माझ्यावर माझा थोडा विश्वास होता. मी पुढे झालो असेन आणि वाकलो असेन, तर जे बोललो ते खरं करण्यासाठी बोललो. मी आईला काहीतरी कबूल केलंय. ते काय, हे जगात एकालाच माहीत होतं आणि तो माणूस त्या महिन्यासकट गेला.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, झटके दिसायच्या आधीच आजार सुरू झालेला होता, त्या आठवड्यांच्या आठवणी येणार नाहीत. मी म्हणालो, कहीं तो होंगी.

"नहीं सर," त्या म्हणाल्या. "खोई नहीं हैं. लिखी ही नहीं गईं."

हरवलेली वस्तू शोधता येते. मी घरी येताना वाटेत एका चौकाला दोन फेऱ्या मारल्या. रस्ता माहीत होता.

राहिली मेधा. कराडहून येताना ती गाडीत माझ्याशेजारी होती. दीड दिवसाचा प्रवास. मी काही बोललोच असेन. ती मेथी निवडत होती तेव्हा विचारलं.

"नाही बोललात काही."

"नक्की?"

"अहो, नाही म्हणाले ना."

"आई झोपल्यात, हेही तू असंच सांगायचीस."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "सहा दिवस खरं सांगितलं मी तुम्हाला. सहा वेळा. तुम्हाला त्यातलं एकही आठवत नाही. मला सहाच्या सहा आठवतात."

मी माफी मागितली. ती म्हणाली, असू दे. पण शंका गेली नाही आणि अजून गेलेली नाही. कदाचित मी तिला सांगितलं असेल आणि ते अवघड असेल. नोकरी सोडून कराडला येतो, असलं काहीतरी. आजारी माणसाला कशाला आठवण करून द्यायची, असं तिने ठरवलं असेल. जी बाई दयेपोटी तीन आठवडे एक मेलेली बाई जिवंत ठेवू शकते, तिच्या 'नाही'वर मी काय बांधू? आणि ती खरं बोलत असेल, तर मी तिच्यावर जो अन्याय रोज करतोय त्याला औषध नाही. या आजाराचं दुखणं इथे आहे. दोन माणसांच्या मधली फट मला आता सारखी दिसते, आणि ती धरून ठेवणारं जे काही होतं ते आमच्याही बाबतीत तुटलंय.

पान

जानेवारीत वर्षश्राद्ध होतं. एवढा प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी कराडला जाऊ दिलं नाही. आजार उलटू शकतो, ही तलवार अजून आहे. श्राद्ध सुधीरने तिकडे केलं. इकडे घरच्या घरी पान ठेवायचं ठरलं. इथल्या मराठी मंडळींत पूजा सांगायला हवाईदलातून निवृत्त झालेले एक वॉरंट ऑफिसर आहेत. ते मंत्र घड्याळावर म्हणतात. सव्वाअकराला पान गच्चीवर गेलं पाहिजे म्हणाले, आणि सव्वाअकराला गेलं.

मी आठवडाभर एक वाक्य तयार केलं होतं. आई, मी तुला काय कबूल केलं ते मला आठवत नाही. त्याच्या पुढे काय बोलायचं ते जमलं नव्हतं. एवढंच बोलणार होतो, आणि कावळा तासभर आला नसता तर एकेक करून सगळंच कबूल करणार होतो, त्यातलं एक बरोबर लागलंच असतं.

मी पान कठड्यावर ठेवलं. हात मागे घेईपर्यंत कावळा आला. वडा उचलला, शेजारच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि तिथून उडाला. वॉरंट ऑफिसर म्हणाले, "वा. समाधानी आहेत आई. काही राहिलेलं नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. मेधाने हात जोडले.

सगळे खाली गेल्यावर मी ते वाक्य बोललो. समोर पान होतं, वरणभात होता, वड्याच्या जागी तेलाचा डाग होता. केतकी जिन्यात थांबलेली होती.

"बाबा, किससे बात कर रहे हो?"

मी म्हणालो, कुणाशी नाही. ती थोडी थांबली आणि मग म्हणाली, "लिख लो फिर. भूल जाओगे."

वही खिशात होती. मी तिथेच कठड्यावर ठेवून लिहिलं. आज आईला सांगितलं की आठवत नाही. कबूल काही केलं नाही. खाली तारीख घातली, वेळ घातली आणि गावाचं नाव लिहिलं: चंदीगड.